लेकरू परसात खेळते तेव्हा

आधी माझीच एक चूक सांगतो. मग पुढचे बोलतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावी शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेला कुंपण नव्हते. आम्ही रोपे लावावीत आणि गावच्या शेळ्यांनी ती खावीत, असे दोन वर्षे चालले. तेव्हा कोणी सांगितले, "गुरुजी, चंद्रज्योत लावा. शेळी तिला तोंड लावत नाही. पाणी नको, खत नको." त्या काळी चंद्रज्योतीचा गाजावाजाही होता. तिच्या बियांपासून डिझेल करायचे म्हणून २००३ च्या सुमारास सरकारनेच तिच्या लागवडीवर जोर दिला होता. मी मुलांच्याच हातांनी चारी बाजूंनी फांद्या रोवल्या. दोन पावसाळ्यांत कुंपण उभे राहिले. मला मोठे समाधान वाटले.

एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी धावत आली. म्हणाली, "गुरुजी, पोरं उलट्या करायलेत!" पाहतो तर सात मुले पोट धरून बसलेली. त्यांनी कुंपणाची फळे फोडून आतल्या बिया खाल्ल्या होत्या. त्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. एकाने खाल्ली, त्याने दुसऱ्याला दिली. मिळेल त्या जीपमध्ये घालून आम्ही मुलांना तालुक्याला नेले. रात्रभर सलाईन चालले. सकाळी सातही मुले उठून बसली. देवाची कृपा आणि डॉक्टरांचे कष्ट.

त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर एका मुलाचा आजा माझ्याशेजारी बसला होता. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, शेळी खात नाही म्हणून तुम्ही झाड लावलं. शेळी काहून खात नाही, ते पाहिलं नाही."

ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. हा पाठ त्या वाक्यासाठीच लिहिला आहे. मी वैद्य नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण डॉक्टर लोक जे सांगतात ते सोप्या शब्दांत सांगणे हे मास्तरचे कामच आहे.

परस म्हणजे काय?

घराच्या मागची किंवा बाजूची मोकळी जागा म्हणजे परस. न्हाणीचे पाणी तिकडे जाते. त्या पाण्यावर चार आळू, एखादा शेवगा, कढीपत्ता, पपई, दोडक्याचा वेल वाढतो. अशी बाग म्हणजे परसबाग. घरची ताजी भाजी मिळते आणि दोन पैसे वाचतात.

पण आपल्या परसात फक्त भाजी नसते. एका कोपऱ्यात पऱ्हाट्यांची आणि तुऱ्हाट्यांची गंजी असते. गोवऱ्या असतात. पाण्याचा हौद, प्लास्टिकचा ड्रम असतो. भिंतीला खुरपे, विळा, कुऱ्हाड टेकवलेली असते. छपराखाली फवारणीचा पंप आणि अर्ध्या उरलेल्या बाटल्या असतात. आणि या सगळ्याच्या मधोमध आपले लेकरू खेळत असते.

मोठ्या माणसाला यातला धोका ठाऊक असतो. लेकराला नसतो. ते जे दिसेल ते उचलते आणि तोंडात घालते. हा त्याचा दोष नाही. ते तसेच शिकत असते. म्हणून परस आपण पाहायचा, आणि लेकराच्या उंचीवरून पाहायचा. एकदा उकिडवे बसून आपल्याच परसात नजर फिरवा. उभ्याने कधी न दिसलेल्या दहा गोष्टी दिसतील.

देवाला चालते ते लेकराला चालत नाही

आपल्या घराभोवतीची पुष्कळ विषारी झाडे आपण देवासाठीच लावतो. त्यामुळे त्यांची भीती वाटत नाही. ती एकेक करून ओळखून घेऊ.

कण्हेर. लाल किंवा पांढरी कण्हेर पूजेला लागते. तिचे पान, फूल, साल, मूळ, सर्व विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीला बिट्टी म्हणतात. तिच्या फळातली बी तर फारच वाईट. मुली बिट्ट्या गोळा करून खेळतात. हे विष काळजाच्या ठोक्यावर जाते. ठोके मंद होतात, चुकतात, आणि माणूस दगावतो.

धोतरा. महादेवाला वाहतो. त्याचे काटेरी फळ फुटले की पुष्कळ बारीक बिया निघतात. त्या खाल्ल्या तर तोंड कोरडे पडते, अंग तापते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि लेकरू भ्रमात बडबडू लागते. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. बाहेरचे काही नसते. परसातला धोतरा असतो.

रुई. शनिवारी मारुतीला तिची पाने वाहतात. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते आणि दिसणे अंधुक होते. पाने तोडून तोच हात डोळ्याला लावू नये. चीक गेलाच तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

गुंज. लाल बी, वर काळा ठिपका. सोनार पूर्वी हिने सोने तोलत. बी अखंड गिळली तर कठीण सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. पण चावली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली पोटात गेली, तर जिवावर बेतते. गुंजांची माळ लहान मुलाच्या गळ्यात घालू नका.

एरंड आणि चंद्रज्योत. दोन्हींच्या बिया विषारी आहेत. एरंडेल तेल औषधी असते, म्हणून बीही औषधी असे समजू नका. तेल काढून घेतल्यावर विष मागे चोथ्यात राहते. चंद्रज्योतीला मोगली एरंडही म्हणतात. तिच्या बिया शाळेच्या मुलांनी खाल्ल्याच्या बातम्या आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा येत असतात.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग काय देवाची झाडं उपटून टाकायची?" नाही. कण्हेर आणि रुई देवळाच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर राहू द्या. परसात तुळस, जास्वंद, झेंडू, मोगरा लावा. देव रागावत नाही. घरात पाच वर्षांच्या आतले लेकरू असेल, तर धोतरा, गुंज, एरंड आणि चंद्रज्योत यांना परसात जागा देऊ नका.

"औषध" हा शब्दच घातकी

आपण शेतकरी फवारणीच्या विषाला काय म्हणतो? औषध. "कपाशीवर औषध मारलं." "औषधाची बाटली छपरात ठेव." लेकरू हे ऐकते. त्याला ताप आला की आपण म्हणतो, "औषध घे, बरं वाटंल." आता त्या लेकराने काय समजावे?

आजपासून घरात विषाला विष म्हणा. ही फुकटची सुधारणा आहे. तिला पैसा लागत नाही, अर्ज लागत नाही.

दुसरी गोष्ट. विष कधीही दुसऱ्या बाटलीत काढू नका. सरबताची रिकामी बाटली, पाण्याची बाटली, चहाचा पेला, यांत तर मुळीच नको. आणि विषाचा रिकामा डबा घरात वापरू नका. कितीही धुतला तरी नको. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात एका शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस नावाचे कीटकनाशक मिसळले होते. ते तेल विषाच्या जुन्या डब्यात ठेवलेले होते. एका डब्यापायी कितीतरी घरे उजाड झाली.

डब्यावर एक चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. तांबडा असेल तर अत्यंत विषारी. पिवळा असेल तर जास्त विषारी. निळा असेल तर मध्यम. हिरवा असेल तर त्या मानाने कमी. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो, म्हणूनच ही खूण ठेवलेली आहे. तुम्ही तर आता अक्षरही शिकलात. डबा हातात घेतला की आधी तो वाचा.

आपला जालना बियाण्यांचे गाव म्हणून साऱ्या देशात ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पेरणीचे दिवस आले की घरोघरी बियाण्यांच्या पिशव्या येतात. कीड लागू नये म्हणून त्या बियांना रंगीत औषध, नव्हे, रंगीत विष चोळलेले असते. लाल, निळे, हिरवे दाणे. लेकराला ती गोळ्याबिस्किटे वाटतात. उरलेले बियाणे आणि रिकामी पिशवी परसात टाकू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा. पेटी उंचावर ठेवा. किल्ली कमरेला ठेवा.

परसातल्या भाजीवर मावा पडला तर निंबोळीचा अर्क फवारा. निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि सकाळी गाळून घ्यावे. कपाशीवरचे विष घरच्या दोडक्यावर मारू नका. तो दोडका तुमच्याच ताटात येणार आहे. आणि अर्कही लेकराच्या हाताला लागणार नाही असाच ठेवा.

पाणी: टंचाईच्या गावातही बुडतात

आपल्याकडे पाणी कमी. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. टँकरची वाट पाहत रात्री गेल्या. म्हणून आपण पाणी साठवतो. हौद बांधतो, ड्रम भरतो, जमिनीत टाकी करतो. टंचाईच्या भागात घराजवळ साठवणीचे पाणी जास्त, हे ध्यानात घ्या.

लहान लेकराचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की डोक्यावरच आत जाते, आणि त्याला परत उठता येत नाही. वीतभर पाणीही त्याला पुरते. बुडणारे लेकरू ओरडत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर आवाज कसा निघावा? आई दहा पावलांवर भाकरी थापत असते आणि तिला काही ऐकू येत नाही.

म्हणून बादली वापरून झाली की पालथी घाला. ड्रमला झाकण हवे, आणि ते लेकराला उचलता येऊ नये. जमिनीतल्या टाकीच्या झाकणाला कडी-कुलूप हवे. हौदाचा कठडा लेकराच्या छातीच्या वर हवा. हौदाजवळ पाटा, डबा किंवा वीट ठेवू नका. त्यावर चढूनच मूल आत जाते.

शेतात वस्ती असेल तर शेततळ्याची वेगळी काळजी घ्या. जालन्याजवळचे कडवंची गाव पाणलोटाच्या कामाने आणि शेततळ्यांनी पुढे आले. तिथली द्राक्षे पाहायला दुरून माणसे येतात. शेततळे ही लक्ष्मी आहे. पण तिच्या तळाला प्लास्टिकचा कागद असतो. ओला कागद साबणासारखा निसरडा. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून तळ्याला चारी बाजूंनी तारेचे किंवा काट्यांचे कुंपण हवे, दाराला कुलूप हवे, आणि काठावरच्या खुंटाला बांधलेला गाठींचा जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला हवा. दोन बाजूंना दोन दोर. खर्च फार नाही.

तिसरी गोष्ट कूपनलिकेची, म्हणजे बोअरची. पाणी लागले नाही की आपण भोक तसेच सोडून पुढे जातो. जुलै २००६ मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा एक मुलगा अशाच भोकात साठ फूट खोल पडला. लष्कराच्या जवानांनी दोन दिवसांनी त्याला जिवंत काढले. सारा देश टक लावून बसला होता. सगळीच मुले इतकी नशीबवान नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की चालू बोअरला घट्ट झाकण हवे, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत बुजवली पाहिजे. वर गोणपाट आणि दगड ठेवणे म्हणजे बुजवणे नव्हे. तो सापळा आहे.

लेकरू पाण्यातून काढले आणि श्वास नसेल, तर त्याला उलटे धरून गरगर फिरवू नका. त्यात वेळ जातो. सपाट जागी उताणे निजवा. तोंडात चिखल असेल तर काढा. नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात हळू पाच वेळा हवा भरा. मग छातीच्या मधोमध तळहाताने तीस वेळा भरभर दाबा, पुन्हा दोनदा हवा भरा. दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नका. आरोग्यसेविकेला सांगून हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

विंचू, साप आणि पऱ्हाट्यांची गंजी

पऱ्हाट्या, गोवऱ्या, विटा, जुनी कौले, यांच्या सापटीत विंचवाला गारवा मिळतो. उंदीर तिथे बिळे करतात, आणि उंदरामागे साप येतो. म्हणून गंजी घराच्या भिंतीला लावून रचू नये. दहावीस पावले दूर, दगड किंवा लाकडे घालून जमिनीपासून थोडी उंच रचावी. सरपण काढताना हाताआधी काठी घालावी. लेकराला सरपण आणायला पाठवू नये.

मोठी काळी इंगळी पाहून आपण घाबरतो. पण लेकराच्या जिवाला खरा धोका लहानशा लाल विंचवाचा असतो. या विंचवाची गोष्ट आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी आहे.

भोकरदन तालुक्यात देहेड नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब शेतकऱ्याच्या घरी हिम्मतराव बावस्कर जन्मले. कष्टाची कामे करत शिकले, नागपूरला डॉक्टर झाले आणि सत्तरच्या दशकात कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे विंचू चावलेली मुले त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती. त्या काळी तिथे जास्त विष भिनलेल्या शंभरांतले तीस-चाळीस जण दगावत. तरुण डॉक्टर रोग्याच्या उशाशी रात्ररात्र बसले. कधी घाम सुटतो, कधी हातपाय गार पडतात, काळीज कसे चालते, हे सारे लिहीत गेले. १९८२ मध्ये त्यांचे हे काम विलायतेच्या "लॅन्सेट" या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून पाहिले. ते वेळेवर दिले तर मरणारे शंभरात एकाच्या आसपास उरले. विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही आता मिळते. २०२२ मध्ये सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली. देहेडच्या मातीतल्या मुलाने जगातल्या लेकरांचे जीव वाचवले.

या गोष्टीतून आपण काय घ्यायचे? औषध आहे. पण ते वेळेवर पोचले पाहिजे. विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम सुटला, वांत्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनले आहे. मंत्र, चुना, कांदा यांत घटकाभरही घालवू नका. लहान मूल असेल तर ही लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नका.

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दवाखान्यातले एकच प्रतिविष या चारही सापांवर चालते. म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. भुईवर निजलेले लेकरू पहाटे पोट दुखते म्हणू लागले, पापण्या जड झाल्या, बोबडे बोलू लागले, तर मण्यारीचा संशय घ्या.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. लेकराला धीर द्या. त्याला चालवू नका. हातापायातले कडे, वाळा, करगोटा काढून टाका, कारण अंग सुजते. चावलेला हात किंवा पाय सरळ पट्टीला सैल बांधून हलता ठेवू नका आणि दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे नेलेली माणसे कधी कधी बरी होतात, कारण पुष्कळ साप बिनविषारीच असतात. विषारी सापाला मंत्र कळत नाही.

लहानसहान वाटणाऱ्या गोष्टी

खुरपे, विळा, कोयता, कुऱ्हाड ही हत्यारे काम झाले की खुंटीला, उंचावर, पाते भिंतीकडे करून टांगा. दाताळे आणि फावडे दात वर करून आडवे टाकू नका.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. फांदी जाड दिसते, पण लेकराच्या वजनाने काडकन मोडते. शेंगा आकडीने काढा. मुलाला वर चढवू नका.

पाण्याच्या मोटारीची वायर ओल्या जमिनीवर लोळत असेल तर आजच उचला. जोड उघडे ठेवू नका. कपडे वाळत घालायची तार विजेच्या खांबाला किंवा वायरीजवळ बांधू नका. वीज गळली की आपोआप बंद करणारा खटका मिळतो, तो जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. डुकरे येतात म्हणून परसाच्या कुंपणात वीज सोडणारे काही असतात. डुकराआधी लेकराचा हात तिथे लागतो, आणि तो गुन्हाही आहे.

काटा रुतला, खुरपे लागले, तर जखम साबण-पाण्याने धुवा. शेण, माती, हळद-चुना भरू नका. माती-शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. लेकराच्या सगळ्या लशी वेळेवर घ्या. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही लस असते, ती पुष्कळजण विसरतात. परसात कोणी शौचाला बसत असेल तर मातीतून जंत अनवाणी पायांत शिरतात. म्हणून संडास वापरा, पायात चप्पल घाला, आणि अंगणवाडीत-शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

काही झालेच तर

लेकराने विषारी बी किंवा फवारणीचे विष खाल्ले, तर आधी त्याच्या तोंडातले उरलेले काढा आणि चूळ भरायला लावा. मीठ-पाणी पाजून, घशात बोट घालून ओकारी काढू नका. ओकारी श्वासनळीत जाते. घासलेट किंवा फवारणीचे विष असेल तर त्याने दुप्पट नुकसान होते. अंगावर विष सांडले असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ या क्रमांकावर फोन करा. गाडी फुकट येते, रात्रीही येते. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. बरोबर ती बी, ते पान किंवा तो डबा घ्या. डॉक्टरांना त्यावरून लवकर कळते. आणि लेकराला मारू नका. मार बसेल या भीतीने मुले खाल्लेले लपवतात, आणि त्यात वेळ जातो.

लेकराला परसाबाहेर काढू नका

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "मग पोराला परसात सोडूच नये." तसे मात्र करू नका. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते जन्मभर चालवले. आदिवासींच्या अंगणात, झाडाखाली, पाने-बिया-माती घेऊन मुले शिकली. अंगण हीच लेकराची पहिली शाळा आहे. पण शाळेत मास्तर हवा. परसातला मास्तर म्हणजे तुम्ही.

लेकराला हातभर रुंदीचा एक वाफा त्याच्या नावाचा करून द्या. मेथी, कोथिंबीर, भेंडी लावू द्या. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, मग त्याला धीर धरता येतो. लहान तांब्याने पाणी घालू द्या. आणि एकच नियम रोज त्याच्याकडून म्हणवून घ्या: विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचे नाही.

आमच्या शाळेचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मुले बरी होऊन आल्यावर त्या रविवारी गावकरी टिकाव-कुदळी घेऊन आले. सारी चंद्रज्योत मुळासकट उपटून जाळली. तो आजाही आला होता. वाकून वाकून मुळे काढत होता. तिथे आम्ही मेंदी लावली, आणि ती मोठी होईपर्यंत बाहेरून बाभळीच्या काट्या लावल्या. पहिल्या वर्षी शेळ्यांनी काही रोपे खाल्लीच. आम्ही पुन्हा लावली.

शेळीने रोप खाल्ले तर दुसरे लावता येते.

आज संध्याकाळी करून पाहा

१. परसात उकिडवे बसून चारी बाजूंना पाहा. धोक्याच्या पाच वस्तू मोजा.
२. रिकामी बादली पालथी घाला. ड्रमवर झाकण ठेवा.
३. विषाच्या बाटल्या कुलपात ठेवा. त्यांना "विष" म्हणा.
४. आपल्या परसातल्या प्रत्येक झाडाचे नाव पाटीवर लिहा. जे विषारी आहे त्याच्यापुढे फुली करा.
५. दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठे आकडे काढा: १०८.